बॅलास्ट रेझिस्टर: जुन्या मोटारीत करंट कुठे अडतो ते कसे शोधावे

चावी फिरवून सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडते. चावी सोडली की त्याच क्षणी बंद. पुन्हा सेल्फ मारला की पुन्हा तेच. अशी गाडी घरी आलेल्या मिस्त्रीला दाखवली, तर बहुधा आधी कार्बुरेटर उघडला जातो. मग पेट्रोल पंप, मग प्लग, मग नवी कॉइल. दोन-तीन हजार खर्चूनही गाडी तशीच राहिली की आजोबांची मोटार ताडपत्रीखाली जाते, आणि दोन-चार वर्षांनी घरात कुणीतरी भंगारवाल्याचा विषय काढतो. खरे पाहता हे लक्षण इतके ठळक आहे की बॉनेट उघडण्याआधीच संशय एका लहानशा पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यावर जायला हवा. त्याचे नाव बॅलास्ट रेझिस्टर.

आपल्या बडोद्यात जुन्या गाड्यांची हौस नवी नाही. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या विंटेज मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण मुलाबाळांसह तिथे गेले असतील. राजेरजवाड्यांच्या त्या गाड्यांमागे कारागिरांची फौज असते. आपल्या घरातली ॲम्बॅसॅडर, फियाट, विलिस जीप किंवा एखादी प्लिमथ मात्र आपणच सांभाळायची असते. ही माहिती त्यांच्यासाठी आहे. हातात साधा मल्टिमीटर आणि जवळ अर्धा तास असेल, तर पुढची सगळी तपासणी घरच्या घरी करता येते.

हा ठोकळा करतो काय

पॉइंटच्या गाडीत बॅटरीचा करंट चावीतून कॉइलमध्ये येतो आणि कॉइलमधून डेल्कोतल्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या, पॉइंटमार्गे अर्थ होतो. पॉइंट उघडले की हा करंट एकदम तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा झटका तयार होऊन प्लगवर ठिणगी पडते. आता अडचण अशी की सेल्फ फिरत असताना तो बॅटरी इतकी ओढतो की १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊ-दहापर्यंत उतरते. गार सकाळी तर त्याहूनही खाली. म्हणजे इंजिनला चांगल्या ठिणगीची सर्वांत जास्त गरज असते नेमक्या त्याच वेळी कॉइलला करंट कमी मिळतो.

यावर एक साधी युक्ती निघाली. कॉइलच अशी बनवायची की तिला सहा-सात-आठ व्होल्ट पुरावेत. नेहमी चालताना तिच्या वाटेत एक रोधक ठेवायचा, म्हणजे उरलेले व्होल्ट तो खाईल. सेल्फ फिरताना मात्र रोधकाला वळसा घालून बॅटरीचा पूर्ण करंट थेट कॉइलला द्यायचा. हा वळसा देणारी वेगळी वायर सेल्फच्या सोलेनॉइडवरून किंवा चावीच्या ‘स्टार्ट’ टोकावरून येते. म्हणजे कॉइलकडे जाणाऱ्या वाटा दोन झाल्या: एक चालू गाडीची, रोधकातून जाणारी; दुसरी फक्त सेल्फच्या वेळेची, रोधक टाळून जाणारी. एवढे नीट लक्षात ठेवले की पुढचे निदान निम्मे झाले.

आकडे घालून पाहू. कॉइल दीड ओहमची, रोधक दीड ओहमचा, एकूण तीन ओहम. गाडी चालू असताना चार्जिंगमुळे १४ व्होल्ट मिळतात, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना करंट जास्तीत जास्त पावणेपाच अँपिअरच्या आसपास. आता रोधक काढून तार डायरेक्ट केली, तर तोच आकडा नऊ अँपिअरच्या पुढे जातो. पॉइंट एवढ्यासाठी बनवलेले नसतात. ते निळे पडतात, त्यांवर खड्डे पडतात आणि कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते. “रेझिस्टर गेला ना, डायरेक्ट करून टाकू” हा गॅरेजमधला आवडता उपाय गाडी त्या दिवशी चालवतो. पुढच्या महिन्यात पॉइंटचा खर्च येतो आणि नंतर कॉइलचा.

आधी पाहा, आपल्या गाडीत तो आहे का

हा प्रश्न सर्वांत आधी, कारण आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत बॅलास्ट रेझिस्टर मुळात नसतोच. जुन्या ॲम्बॅसॅडरच्या ब्रिटिश घडणीच्या पेट्रोल इंजिनाला साधारण तीन ओहमची, पूर्ण १२ व्होल्ट झेलणारी कॉइल असे. तिला बाहेरच्या रोधकाची गरज नाही. फियाट ११०० आणि पुढच्या प्रीमियर पद्मिनीतही बहुतेक वेळा हीच साधी मांडणी दिसते. अशा गाडीला कुणी “चांगला असतो” म्हणून रोधक लावला असेल, तर ठिणगी कायमची मरतुकडी होते. चढावर ओढ कमी, गार इंजिन पकडायला त्रास, आणि दोष कुठे ते कळत नाही.

रोधक हमखास सापडतो तो अमेरिकन गाड्यांत. १९५५-५६ च्या सुमारास तिकडच्या कंपन्या सहा व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या, आणि क्रायस्लरच्या डॉज-प्लिमथ-डिसोटोत, शेव्हरलेटमध्ये, फोर्डमध्ये तो आला. यातल्या क्रायस्लरच्या गाड्यांशी आपल्या लोकांचा संबंध जवळचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या जोडल्या, आणि अजूनही गुजरात-महाराष्ट्रात त्यांतल्या काही तग धरून आहेत. १९५५ च्या आधीची गाडी असेल तर ती बहुधा सहा व्होल्टची होती. पुढे कुणीतरी १२ व्होल्टची बॅटरी आणि डायनॅमो बसवला, पण कॉइल जुनीच ठेवून वाटेत रोधक टाकला. बऱ्याच जीपांमध्ये हे सापडते. सत्तरीच्या दशकातल्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक तऱ्हा आहे: ठोकळा दिसतच नाही, कारण वायरिंगमधली एक गुलाबी किंवा पांढरी-गुलाबी वायरच रोधकाची असते. अमेरिकन गाड्यांतही पुढे अशी रोधक वायर आली. साध्या तांब्याच्या वायरने ती बदलली की न कळत गाडी डायरेक्ट होते. वायरिंग नवे करून घेताना हे फार वेळा घडते.

ठोकळा शोधायचा तो कॉइलच्या पट्टीवर किंवा बॉनेटखालच्या मागच्या पत्र्यावर. दोन-तीन इंच लांब, पांढरट, दोन्ही टोकांना एकेक थिंबल. मागची बाजू बहुधा उघडी असते आणि आतली स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार दिसते. कॉइलच्या अंगावरही पाहावे. ‘बाहेरचा रेझिस्टर लावा’ किंवा ‘लावू नका’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर कित्येकदा छापलेला असतो. छाप पुसला असेल तर मीटर सांगेल.

लक्षणे

सेल्फवर पकडते आणि चावी सोडताच बंद पडते, हे पहिले आणि सर्वांत बोलके लक्षण. सेल्फची वाट शाबूत आहे, चालू गाडीची वाट तुटली आहे. नव्वद टक्के लोक इथे थेट रेझिस्टर बदलतात. पण तीच वाट चावीच्या ‘चालू’ संपर्कातूनही जाते. तो झिजला असेल तरी लक्षण हुबेहूब तेच. म्हणून मोजल्याशिवाय बदलू नये.

याच्या अगदी उलट दोष कमी लोकांना माहीत असतो. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन काही केल्या पकडत नाही, पण कंटाळून चावी सोडली की सोडतानाच एखादा हुंकार देते, किंवा दोघांनी ढकलल्यावर लगेच सुरू होते. इथे रोधक ठीक आहे. त्याला वळसा देणारी वायर तुटली आहे. सोलेनॉइडवरची ती बारीक वायर तेलाने-उष्णतेने कडक होऊन थिंबलपाशी तुटते. सोलेनॉइड बदलताना जास्तीच्या टोकाचा नवा नग न मिळाल्याने ती वायर नुसती टेपने गुंडाळून ठेवलेलीही सापडते. ढकलस्टार्ट हा त्या गाडीचा स्वभाव म्हणून घरात मान्य होतो, आणि वर्षानुवर्षे शेजारची मुले ढकलायला बोलावली जातात.

तिसरे लक्षण आपल्या जुन्या शहराच्या खास ओळखीचे. गाडी वीस मिनिटे उत्तम चालते. मग लहरीपुरा दरवाज्यातून मांडवीकडे निघाल्यावर दिवाळीच्या खरेदीची गर्दी लागते, पायी चालणाऱ्यांच्या मागे गाडी सरकत राहते, आणि मधेच इंजिन बंद. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू. लोक म्हणतात इंजिन तापले. तेही असू शकते, पण विजेच्या बाजूनेही याला कारण आहे. इंजिन हळू फिरते तेव्हा पॉइंट प्रत्येक वेळी जास्त वेळ मिटलेले राहतात, कॉइलमधला करंट दर वेळी पूर्ण भरतो, आणि रोधक व कॉइल दोन्ही हायवेपेक्षा गर्दीतच अधिक तापतात. रोधकातल्या तारेला केसासारखी चीर असेल, तर गरम होऊन ती उघडते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते.

मात्र मे महिन्याच्या ४० अंशांत पेट्रोलची वाफ होऊन पंप अडण्याचा प्रकारही हुबेहूब असाच दिसतो. फरक ओळखायची वेळ म्हणजे गाडी बंद पडलेली असतानाची. कॉइलची मधली जाड वायर डेल्कोतून काढून, जाड रबरी हातमोज्याने किंवा लाकडी चिमट्याने इंजिनच्या धातूपासून पाव इंचावर धरावी आणि दुसऱ्याने सेल्फ मारावा. कडकडीत निळी ठिणगी आली तर दोष पेट्रोलचा. पंपावर ओले फडके टाकून थांबावे. पण इथे एक मेख आहे: सेल्फच्या वेळी वळशाच्या वाटेने करंट येतो, त्यामुळे रोधक तुटला असला तरी ठिणगी दिसेल. म्हणून ठिणगी दिसली तरी खाली दिलेले व्होल्टही पाहून घ्यावे. आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल गळत असेल तर ठिणगीची ही परीक्षा करूच नये. गळती थांबवून, वास जाऊ देऊन मगच.

पॉइंट दर दोन-तीन महिन्यांनी जळत असतील, तर रोधक डायरेक्ट केलेला आहे किंवा चुकीची कॉइल लागली आहे असे समजावे. कंडेन्सर हाही एक संशयित आहे, पण त्याचा दोष बहुधा पॉइंटवर टोकदार टेकडी-खड्ड्याच्या रूपात दिसतो.

मोजणी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. चावी चालू करून इंजिन बंद ठेवले आणि पॉइंट मिटलेले असले, तर रोधकात सतत पंचवीसेक वॅट उष्णता तयार होत राहते. हे एका सोल्डरिंग आयर्नइतके झाले. बोट भाजेल, आणि कॉइलही तेवढीच तापेल. म्हणून चावी मोजण्यापुरतीच चालू ठेवावी. गाडी बंद पडल्यावर चावी तशीच विसरून मंडळी चहाला गेली आणि कॉइल गेली, असे बऱ्याच गाड्यांचे झाले आहे.

पहिली मोजणी ओहमची. बॅटरीची एक वायर काढा. रोधकाची एक बाजू सोडवा, नाहीतर बाकीच्या वायरिंगचा आकडा मिसळतो. स्वस्त मीटरची दोन टोके एकमेकांना टेकवल्यावरही ०.२ ते ०.४ ओहम दाखवतात. ते प्रत्येक आकड्यातून वजा करायचे. रोधक सामान्यतः १.२ ते १.८ ओहम दाखवतो. अनंत दाखवला तर तो तुटला, निकाल लागला. पण ०.५-०.६ दिसले म्हणून फेकू नका. पॉइंटच्या क्रायस्लर गाड्यांचे रोधक थंड असताना एवढेच असतात आणि तापल्यावर त्यांचा रोध वाढतो. मग कॉइलच्या दोन बारीक टोकांमध्ये मोजा. तीनच्या आसपास आले तर ती पूर्ण १२ व्होल्टची कॉइल, रोधक नको. दीडच्या आसपास आले तर रोधक हवाच. तापून चीर उघडणारा रोधक थंड असताना अगदी निर्दोष आकडा देतो, म्हणून संशय असेल तर दोन्ही टोके हलवत, टिचकी मारत मोजावे. आकडा उड्या मारत असेल तर तो गेला.

दुसरी मोजणी व्होल्टची, आणि गोंधळ होतो तो इथे. बॅटरी जोडा, चावी चालू. मीटरचे एक टोक इंजिनच्या स्वच्छ धातूवर, दुसरे कॉइलच्या स्विचकडच्या टोकावर. जुन्या लुकास कॉइलवर या टोकाला ‘एसडब्ल्यू’ आणि पॉइंटकडच्या टोकाला ‘सीबी’ लिहिलेले असते. ज्या जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, तिथे आकड्यापुढे उणे चिन्ह येईल, काळजी नको.

पॉइंट मिटलेले आहेत की उघडे, हे आधी पाहून घ्यायचे. डेल्कोचे झाकण काढून पंख्याच्या पट्ट्याने इंजिन थोडे फिरवले की दोन्ही स्थिती मिळतात. हे काम चावी बंद ठेवून करावे. पॉइंट उघडे असतील तर करंट वाहतच नाही, त्यामुळे रोधक व्होल्ट खात नाही आणि कॉइलवर पूर्ण १२ दिसतात. हे पाहून “रेझिस्टर काम करत नाही” म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात दोष काहीच नाही. उघड्या पॉइंटवर कॉइलकडे शून्य, पण रोधकाच्या आधीच्या टोकावर १२, असे आले तर रोधक तुटलेला. दोन्हीकडे शून्य आले तर दोष त्याच्याही मागे, चावीत किंवा फ्यूज-वायरिंगमध्ये.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या स्विचकडच्या टोकावर पाच ते आठ व्होल्ट दिसले तर सर्व ठीक. तिथे बाराच्या आसपास आले, तर मीटरचे टोक पॉइंटकडच्या बाजूला लावा. तिथेही १२ असतील तर करंट अर्थपर्यंत पोचतच नाही: पॉइंट काळे पडले आहेत किंवा डेल्कोकडची वायर तुटली आहे. तिथे जवळजवळ शून्य असेल तर रोधकाला कुणीतरी वळसा दिला आहे, किंवा कॉइलची आतली गुंडाळी तुटली आहे. यातले दुसरे ओहमच्या मोजणीत आधीच कळलेले असेल. वळसा शोधायचा तर वायर हाताने माग काढत जावे. टेपखाली लपवलेला जोड बहुधा सापडतो.

तिसरी मोजणी सेल्फची. कॉइलची मधली जाड वायर काढून तिचे टोक इंजिनच्या धातूला पक्के टेकवून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही आणि कॉइललाही इजा नाही. दुसऱ्याने सेल्फ मारताना कॉइलच्या स्विचकडच्या टोकावर नऊच्या वर व्होल्ट यायला हवेत. पाचच्या आसपासच राहिले तर वळशाची वायर काम करत नाही. बॅटरीवरच आठ दिसत असतील तर आधी बॅटरी आणि अर्थिंगची पट्टी पाहा.

बदलताना

कॉइल आणि रोधक ही जोडी आहे. एक बदलताना दुसऱ्याचा आकडा विचारल्याशिवाय घेऊ नये. दुकानात “बारा व्होल्टची कॉइल द्या” एवढेच म्हटले तर दोन्ही जातींपैकी कुठलीही हातात येते, कारण डब्यावर दोन्हींवर १२ व्होल्टच छापलेले असते. मीटर बरोबर न्यावा आणि काउंटरवरच मोजावे. दुकानदाराला त्यात राग येण्यासारखे काही नाही. मूळ नग मिळत नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दीड ओहम, ५० वॅटचा ॲल्युमिनियमच्या अंगाचा रोधक मिळतो. तो जाड पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवला तर काम चोख करतो, फक्त दिसायला मूळचा वाटत नाही. १० वॅटचा छोटा पांढरा नग मात्र लावू नये, तो थोड्या दिवसांत जळतो.

ठोकळा उघड्या हवेत, धातूवर, इतर वायरी आणि पेट्रोलच्या नळीपासून लांब असावा. त्यावर टेप गुंडाळणे किंवा “पाणी लागू नये” म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधणे घातक. थिंबल गंजलेली असतील तर कानशीने घासून, नव्याने दाबून घ्यावीत. रोधकापाशी उष्णता असतेच; ढिल्या थिंबलने ती वाढते आणि वायरचे आवरण वितळते. बॉनेटखाली लागणाऱ्या कित्येक आगींची सुरुवात अशाच एखाद्या जोडापाशी होते.

मूळपणाची चिंता असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांवरील, मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांची ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. तिथे मुख्यतः चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत असा रोख आहे. रोधक हा झिजून बदलायचाच भाग असल्याने नवा बसवण्यात मूळपण जात नाही.

पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवण्याची टूम सध्या आहे. अशा बऱ्याच किटच्या लाल वायरला पूर्ण १२ व्होल्ट लागतात, म्हणून ती रोधकाच्या आधीच्या टोकावरून घ्यावी. कॉइलवरून घेतली तर किट मधूनमधून दगा देते. कॉइलचा रोधक ठेवायचा की काढायचा हे किटच्या कागदावर लिहिलेले असते, तेच पाळावे. सत्तरीच्या दशकातल्या क्रायस्लर गाड्यांत कारखान्यातूनच इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले. त्यांचा रोधक चार टोकांचा असतो, एका बाजूला अर्ध्या ओहमच्या आसपास, दुसऱ्या बाजूला पाचच्या आसपास. दोन्ही बाजू वेगळ्या मोजाव्यात. त्या गाड्यांचे मालक डॅशबोर्डच्या खणात एक जादा रोधक ठेवूनच फिरत, आणि ती सवय आपणही घ्यायला हरकत नाही.

रस्त्यातच रोधक गेला आणि जादा नग नसेल, तर त्याच्या दोन टोकांत जाड वायरचा तुकडा जोडून गाडी घरापर्यंत आणता येते. शहरातल्या शहरात आणावी, अहमदाबादला नेऊ नये. गर्दी टाळावी, सिग्नलला फार वेळ लागणार असेल तर इंजिन बंद करावे, आणि वाटेत थांबून कॉइलला हाताने पाहावे. हात ठेवता येईना इतकी तापली असेल तर बॉनेट उघडून गार होऊ द्यावी. घरी पोचल्यावर तो तुकडा त्याच संध्याकाळी काढून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी हलवणाऱ्याला कळेल की नवा रोधक आणायचा आहे.